खोडील घोड्यांचा वस्ताद : जॉन रेरी

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. नंदुरबार जिल्ह्यातला हा बाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. घोड्यावर बसलेला माणूस ऐटीत दिसतो, लोक त्याच्याकडेच बघतात. पण खरा कस लागतो तो खाली उभे राहून घोडा धरणाऱ्याचा. मोरकी घालताना चावणारा, खूर उचलू न देणारा, मागून गेले की लाथ झाडणारा, पुढचे दोन पाय उचलून अंगावर येणारा घोडा असला की भलेभले चार हात लांब राहतात. मग अगाडी-पिछाडी आवळायची, चार गडी लावायचे, आणि वर चाबूक. मारक्या बैलाचे आणि लाथाड म्हशीचेही आपल्याकडे तेच. मार खाल्ला की जनावर दोन दिवस गप्प राहते आणि तिसऱ्या दिवशी संधी साधते. मालक मात्र जनावराच्या जातीला दोष देऊन मोकळा होतो.

असे जनावर जन्मतः खोडील नसते, माणसाने त्याला तसे केलेले असते, हे ज्याने अख्ख्या युरोपला भर मैदानात दाखवून दिले, तो एका शेतकऱ्याचा मुलगा होता. जॉन सॉलोमन रेरी त्याचे नाव. देश अमेरिका. आज आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला माहीत नाही, पण १८५८ साली लंडनमध्ये राणीपासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते होते.

अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. मका, डुकरे आणि घोडे यांचा मुलूख. त्या राज्याची राजधानी कोलंबस, आणि तिच्याजवळ ग्रोव्हपोर्ट हे गाव. तिथे ६ डिसेंबर १८२७ रोजी रेरीचा जन्म झाला. बाप अ‍ॅडम रेरी शेतकरी. भावंडे पुष्कळ, त्यात जॉन धाकटा. त्या काळी ट्रॅक्टर नाही, मोटार नाही. नांगर घोड्याचा, गाडी घोड्याची. गावावरून जो कालवा गेला होता त्यातल्या नावासुद्धा काठाने चालणारी घोडी-खेचरे दोराने ओढत. घोडा हे त्या गावाचे इंजिनच म्हणा. आणि दर साली नवी शिंगरे कामाला लावायची म्हणजे त्यांना वठणीवर आणणारा कुणीतरी लागणारच.

त्या काळची वठणीची रीत आपल्या ओळखीची आहे. शिंगरू मोकळे वाढवायचे, तीन-चार वर्षांचे झाले की एक दिवस दोर टाकून धरायचे, खोगीर आवळायचे आणि दमेपर्यंत पळवायचे. घोडा मोडतो किंवा माणूस मोडतो. पोरवयात रेरीनेही हेच केले. सगळ्यांत अंगावर येणारा घोडा कुठे आहे ते शोधायचे आणि त्याच्या पाठीवर चढायचे. उजवा हात सोडला तर हातापायातले कुठलेही हाड मोडायचे बाकी राहिले नाही, असे त्याच्याबद्दल सांगत. मला वाटते त्याच्या विद्येचा पाया इथेच पडला. ज्याला कधी लाथ बसली नाही तो लाथेचा विचार करत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या या पोराने विचार केला असणार की घोड्याने हे का केले.

पुढे तो शेजारपाजारच्यांचे घोडे शिकवू लागला. लोक लांबून अडेल घोडी आणून सोडत. रानातल्या घोड्यांचे वागणे बघायला तो टेक्सासकडे जाऊन आला. एकदा तर त्याने एल्क जातीची दोन हरणे माणसाळवून गाडीला जुंपली. एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच थोरला भाऊ समजा. ज्या जनावराला पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा वास नको असतो ते जर गाडी ओढायला तयार होते, तर घोड्याचे काय मोठे, असा त्याचा हिशेब.

ही विद्या सगळी त्याची स्वतःची होती असे मात्र नाही. त्याच्या आधी डेंटन ऑफुट नावाचा एक गृहस्थ घोडे शिकवत गावोगाव फिरायचा. अब्राहम लिंकन तरुणपणी ज्याच्या दुकानात कामाला होता तोच हा ऑफुट. रेरीने आपली रीत उचलली, असा त्याचा दावा होता. त्याच्याही आधी आयर्लंडमध्ये डॅनियल सुलिव्हान नावाचा माणूस होऊन गेला. तो खोडील घोड्याबरोबर तबेल्यात एकटा कोंडून घ्यायचा आणि थोड्या वेळाने घोडा गरीब गाईसारखा बाहेर यायचा. तो घोड्याच्या कानात मंत्र सांगतो असे लोक म्हणायचे. १८१० साली तो मेला, आणि नेमके काय करत होता ते बरोबर घेऊन गेला. आपल्याकडचे काही जुने वैदू आणि हाडवैद्य असेच गेले.

रेरीने तसे केले नाही. १८५६ साली त्याने आपली रीत एका छोट्या पुस्तकात लिहून काढली आणि कोलंबसला छापली. या पुस्तकाची पुढे मोठी गंमत झाली, ती नंतर सांगतो. आधी त्याची रीत समजून घेऊ.

त्याचे म्हणणे तीन गोष्टींवर उभे होते. पहिली, घोड्याला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नसतो. आपण माणसापेक्षा कितीतरी बळकट आहोत हे त्याला अनुभवाने कळते, आणि तो अनुभव त्याला आपणच देतो. एकदा हिसका मारून दावे तोडले की त्याला कळले. दुसरी, जे त्याला समजले आहे आणि जे त्याच्या स्वभावाला धरून आहे त्याला घोडा विरोध करत नाही. त्याला न समजणारी गोष्ट आपण ओरडून सांगतो, तो घाबरतो, आपण मारतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कितीही भयंकर वाटणारी वस्तू असो, ती त्याला बघू दिली, हुंगू दिली, नाकाने चाचपू दिली आणि तिने त्याला इजा केली नाही, तर तिची भीती जाते. आपण उलट करतो. घोडा छत्रीला बुजला की छत्री दिसताच चाबूक मारतो. मग त्याच्या डोक्यात छत्री आणि मार यांची गाठ पक्की बसते, आणि पुढच्या वेळी तो दुप्पट बुजतो.

आता तो प्रत्यक्षात करायचा काय ते बघा. कोरे शिंगरू तबेल्यात न्यायचे तर तो हाकलून नेत नसे. आधी एक गरीब, शिकलेला घोडा आत नेऊन बांधायचा, दार सताड उघडे ठेवायचे आणि मागून हळूहळू चालायचे. वेळ लागला तर लागू द्यायचा. कुत्री, पोरे, बघे सगळे लांब. एकदा आत गेले की दार लावायचे आणि आपण एकटेच आत राहायचे. घोडा कोपऱ्यात जाऊन फुरफुरत असेल तर आपण मध्यावर गप्प उभे राहायचे. हात खाली, अंग सैल, नजर रोखलेली नाही. घोडा कुतूहलाचे जनावर आहे. थोड्या वेळाने तो स्वतःच मान लांब करतो. तेव्हा हात हळूच पुढे करायचा आणि हुंगू द्यायचा. झटकन धरायचे नाही. हुंगून झाले की कपाळावर, मग मानेवर, खांद्यावर हात. तोंडाने चुचकारत राहायचे, आवाज एकसारखा. दूर सरला तर आपण थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. खांद्याला लागून उभे राहायचे म्हणजे पुढच्या पायाचा फटका आणि मागची लाथ दोन्ही चुकतात.

आणखी एक बारीक गोष्ट त्याने ओळखली होती. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. डाव्या बाजूने दाखवलेली वस्तू उजव्या बाजूने पुन्हा दाखवावी लागते, नाहीतर तीच वस्तू त्याला नवीन वाटते. शेपटीच्या बरोबर मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे त्याला दिसत नाही. म्हणून मागून न बोलता जाणारा माणूस लाथ खातो. यात घोड्याची बदमाशी काय? अंधारात आपल्या पाठीला कुणी हात लावला तर आपणही दचकून कोपर मारतोच.

एवढ्याने बहुतेक घोडे वळायचे. पण ज्याने माणसे जखमी केली आहेत अशा घोड्याचे काय? त्यासाठी रेरीकडे चामड्याचे दोन पट्टे होते, आणि तो जगभर गाजला तो या पट्ट्यांमुळेच. पहिल्या आखूड पट्ट्याने घोड्याचा पुढचा डावा पाय गुडघ्यात दुमडून बांधायचा, खूर जवळजवळ कोपराला लागेल असा. आता घोडा तीन पायांवर. तीन पायांवरचा घोडा ना नीट लाथ मारू शकत, ना धावून येऊ शकत. या अवस्थेतच त्याला गोंजारायचे. दुसरा लांब पट्टा पुढच्या उजव्या पायाला अडकवून पोटाभोवतीच्या तंगाखालून घ्यायचा आणि टोक आपल्या हातात ठेवायचे. घोडा उडी मारायला गेला की तो पट्टा ओढून धरायचा. घोडा गुडघ्यांवर येतो. मग झटापट होते, कधी कधी दहा मिनिटेही चालते. घोडा घामाने निथळतो. या सगळ्या वेळात माणसाने ओढाताण करायची नाही, ओरडायचे नाही, फक्त घोड्याबरोबर सरकत राहायचे. शेवटी घोडा कुशीवर पडतो. जागा मऊ हवी, खाली जाड गवत हवे, ही त्याची अट असे.

बघणाऱ्यांचे लक्ष इथपर्यंतच असायचे. रेरीचे खरे काम इथून पुढे सुरू व्हायचे. घोडा पडला की तो पट्टे सोडून टाकायचा. मग त्याच्या मानेवरून, पोटावरून, चारही पायांवरून सावकाश हात फिरवायचा. खुरांवर थोपटायचा. ज्या मागच्या पायांनी माणसे लोळवली त्या पायांत जाऊन बसायचा. छत्री उघडायचा, ढोल वाजवायचा, अंगावर कातडे टाकायचा. घोड्याला कळायचे की आपण पूर्ण याच्या हातात आहोत, तरी याने मारले नाही. उठला की पुन्हा गोंजारणे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी झटापट जवळजवळ नसायचीच. घोडा शिकवणाऱ्याच्या मनात भीती नको आणि रागही नको, यावर त्याचा सगळा भर होता. रागाने पट्टा ओढला तर तो पट्टा म्हणजे चाबकाचाच भाऊ.

१८५७ साली रेरी कॅनडात गेला. तिथल्या इंग्रज फौजेचा सेनापती सर विल्यम आयर याने त्याचे काम पाहिले आणि इंग्लंडातल्या बड्या लोकांना ओळखपत्रे दिली. गुडइनफ नावाच्या टोरांटोच्या माणसाशी भागीदारी करून रेरी त्याच साली इंग्लंडला पोचला. तीस वर्षांचा, सडपातळ, मृदू बोलणारा गडी. हा काय खोडील घोडे धरणार, असेच लोकांना पहिल्यांदा वाटायचे.

जानेवारी १८५८ मध्ये त्याला विंडसरच्या राजवाड्यात बोलावले गेले. इकडे हिंदुस्थानात उठावाची धुमश्चक्री चालू होती, आणि तिकडे राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट या अमेरिकन शेतकऱ्याच्या पोराचे काम बघत होते. राजघराण्याची मंडळी थोडा वेळ बाहेर गेली, रेरी घोड्यापाशी एकटा राहिला. परत आली तर घोडा आडवा पडलेला आणि रेरी त्याच्या मागच्या खुरावर डोके टेकून शेजारी निजलेला, असे सांगितले जाते.

मग काय विचारता. लंडनच्या टॅटरसॉल या घोडेबाजाराच्या पेढीने वर्गणीदारांची यादी उघडली. फी माणशी १० गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडाहून एक जास्त. पाचशे नावे झाली की शिकवणी सुरू, असे ठरले. पाचशे केव्हाच ओलांडले. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या घोडेस्वारीच्या मैदानात वर्ग सुरू झाले. सरदार, लष्करी अधिकारी, शिकारी, बायकासुद्धा आल्या. अट एकच : हे गुपित फोडायचे नाही. फोडले तर ५०० पौंड दंड.

मला हा भाग आवडत नाही, हे सांगून टाकतो. आमचे कामच मुळी असे की जे शेतावर उपयोगी पडते ते बांधावर जाऊन फुकट सांगायचे. ज्याने स्वतः दोन वर्षांपूर्वी पुस्तक छापले त्यानेच आता तेच ज्ञान शपथ घालून विकावे? भागीदाराचा आग्रह असेल, पैशाचा मोह असेल. रेरीही माणूसच होता.

पण टीका वेगळ्याच बाजूने आली. तुम्ही जे घोडे दाखवता ते मूळचेच गरीब, असे लोक म्हणू लागले. हिंमत असेल तर क्रूझर हाताळून दाखवा.

क्रूझर हा लॉर्ड डॉर्चेस्टरचा शर्यतीचा वळू घोडा. अस्सल रक्ताचा, दिसायला राजबिंडा. १८५५ च्या डर्बी शर्यतीत त्याच्याकडून मोठी आशा होती, पण शर्यतीच्या तोंडावर पाय दुखावला आणि तो पैदाशीसाठी ठेवला गेला. तिथून तो बिघडला. मोतद्दारांवर धावून जायचा, चावायचा, तबेल्याच्या फळ्या लाथांनी फोडायचा. इंचभर जाडीची लोखंडी कांब त्याने दातांनी तोडली असे म्हणत. शेवटी त्याला विटांच्या बंदिस्त खोलीत एकटे ठेवले आणि तोंडावर आठ रत्तली, म्हणजे साडेतीन किलोहून जड असे लोखंडी मुसके चढवले. तीन वर्षे त्याच्या पाठीवर कुणी बसले नव्हते. विचार करा, तीन वर्षे अंधारी खोली, तोंडाला लोखंड, आणि माणूस दिसला की तो काठी घेऊनच आलेला. अशा जनावराने दुसरे काय शिकायचे?

हॅम्पशायर परगण्यात मरेल ग्रीन इथल्या पागेत रेरी त्याला भेटायला गेला. क्रूझर किंचाळत, लाथा झाडत होता. इथे नुसते मध्यावर गप्प उभे राहून भागणार नव्हते, म्हणून रेरीने गवताने भरलेली गाडी मध्ये आड घेतली. तिच्या आडून त्याने घोड्याला बोलत बोलत जवळ येऊ दिले आणि पुढच्या पायाला पट्टा अडकवला. मग तीच सगळी रीत, फक्त जास्त सावकाश. सुमारे तीन तास लागले. तीन तासांनी स्वतः लॉर्ड डॉर्चेस्टर क्रूझरच्या पाठीवर बसला. पाहणाऱ्यांना स्वप्न वाटले असेल.

पुढे क्रूझर रेरीकडेच आला. त्याने ते लोखंडी मुसके काढले आणि घोडा लंडनला आणून लोकांसमोर उभा केला. क्रूझर त्याच्यामागे कुत्र्यासारखा चालायचा. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते तीन तास म्हणजे सुरुवात होती. त्यानंतर रोजच्या रोज रेरीचा हात त्या घोड्याच्या अंगावर फिरत होता. तीन तासांची गोष्ट सगळे सांगतात, नंतरच्या वर्षांची कुणी सांगत नाही.

आता त्या पुस्तकाची गंमत. १८५८ च्या मध्यालाच लंडनच्या रूटलेज प्रकाशनाने रेरीचे ते जुने अमेरिकन पुस्तक शोधून काढले आणि छापून विकायला ठेवले. किंमत सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग. ज्यासाठी सरदारांनी १० गिनी मोजल्या ते आता चारशे विसाव्या भागात कुणालाही मिळू लागले. बरीच ओरड झाली. भागीदारी मोडली. रेरीने वर्गणीदारांना शपथेतून मोकळे केले. धंद्याच्या दृष्टीने तोटा, पण घोड्यांचा फायदा झाला. सहा पेन्स गाडीवानाच्याही खिशात असत. पट्टा कसा बांधायचा हे पुस्तकातून कळत होते, तरी रेरीचे मैदान ओस पडले नाही, कारण लोकांना त्याचा हात बघायचा होता. पुढे तो लंडनच्या अल्हांब्रा नाट्यगृहात थोड्या पैशांत प्रयोग करू लागला आणि भाड्याच्या घोडागाड्या हाकणाऱ्यांनाही त्याने शिकवले. मला तर सरदारांच्या वर्गापेक्षा हा वर्ग मोठा वाटतो, कारण रोज सर्वांत जास्त चाबूक याच घोड्यांच्या पाठीवर पडत होता.

नंतर फ्रान्स, प्रशिया, स्वीडन, रशिया असा त्याचा दौरा झाला. पॅरिसला सरकारी पागेतला स्टॅफर्ड नावाचा घोडा त्याने हाताळला, ज्याला वर्षभर कुणी खरारा करू शकले नव्हते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात झेब्रासुद्धा वळवून दाखवला. झेब्र्याने मात्र त्याला घोड्यापेक्षा पुष्कळ जास्त घाम फोडला.

इथे थोडे थांबून आपल्या गोठ्याकडे येतो. रेरीचे सगळेच आज उचलावे असे माझे मत नाही. पाय बांधून घोडा पाडणे हा त्याच्या रीतीतला सर्वांत धोक्याचा भाग. घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर. त्याचे पाय बांधून त्याला पाडले की त्याच्या लेखी वाघाने धरल्यासारखेच. पुष्कळदा तो शांत झालेला नसतो, त्याने फक्त आशा सोडलेली असते. डोळे विझलेले, अंग थिजलेले. आजचे जाणकार या दोन अवस्थांत फरक करतात आणि पाडण्याची रीत टाळतात. कडक जमिनीवर घोडा पडला तर पाय मोडतो, गुडघे फुटतात. शिवाय १९६० च्या कायद्याने प्राण्याला विनाकारण यातना देणे हा गुन्हा आहे. रेरीची पहिली रीत, म्हणजे थांबणे, हुंगू देणे, हात फिरवणे, ही मात्र आजही जशीच्या तशी लागू पडते. तिला पट्टा लागत नाही, पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तोच आपल्याकडे नसतो असे आपण म्हणतो.

फिरतीवर असताना एका धनगरवाड्यावर सामान वाहणारे तट्टू पाहिले होते. तंग आवळायला गेले की चावायचे. मालकाने त्याच्या नाकपुडीला दोरी पिळून ठेवली होती. मी जनावरांचा डॉक्टर नाही, पण रेरी वाचला होता म्हणून दोरी सोडायला लावली आणि नुसते बाजूला उभे राहिलो. अर्ध्या तासाने तट्टाने हात लावू दिला. कोपरामागे, तंग बसतो तिथे, केसांखाली ओली जखम होती. तट्टू चावत नव्हते, तक्रार करत होते. दवाखान्यातून मलम आणले, पंधरा दिवस ओझे बंद केले. त्यानंतर चावणे कमी झाले, अगदी गेले नाही. जुनी आठवण जायला वेळ लागतो.

म्हणून खोड मोडायच्या आधी दुखणे बघावे. दाताची धार, खुरात घुसलेला खिळा, पाठीवरचा घट्टा, कानातली गोचीड. आणि जे जनावर कालपर्यंत गरीब होते ते आज अचानक चावू लागले, लाळ गाळू लागले, तर त्याच्या तोंडात हात अजिबात घालू नये. पिसाळण्याचा रोग घोड्यालाही होतो. लगेच डॉक्टरांना बोलवावे.

तर १८६० साली रेरी अमेरिकेला परतला, बरोबर क्रूझर. न्यूयॉर्कला प्रयोग झाले, गर्दी झाली. पण १८६१ च्या एप्रिलमध्ये तिथे यादवी युद्ध पेटले. हजारो घोडी रणात जाऊ लागली. डिसेंबर १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजेने रेरीला घोडदळाची घोडी तपासायला बोलावले. ज्याने एकेका घोड्यासाठी तासन्‌तास घालवले त्याच्यापुढे हजारो घोडी एकदम उभी होती. असे काम एका माणसाने काय आणि किती करावे.

गावी त्याने बापाच्या जमिनीवर मोठे घर बांधले होते आणि क्रूझरला तिथेच ठेवले होते. १८६५ च्या अखेरीस रेरीला अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून तो पुरता सावरला नाही. ४ ऑक्टोबर १८६६ रोजी क्लीव्हलँड इथे तो वारला. वय अवघे ३८. ग्रोव्हपोर्टच्याच दफनभूमीत त्याला पुरले. मृत्युपत्रात त्याने क्रूझरच्या देखभालीची सोय करून ठेवली होती.

सोय झाली, चारा-पाणी मिळत राहिले, पण रोज अंगावर फिरणारा तो हात राहिला नाही. धन्याच्या मागे क्रूझर पुन्हा पहिल्यासारखा तापट झाला, असे सांगतात. तो आणखी नऊ वर्षे जगला आणि १८७५ साली त्याच गावात मेला. ग्रोव्हपोर्टच्या हायस्कुलातली मुले खेळाच्या मैदानात उतरतात ती आजही क्रूझर याच नावाने.